हातचक्कीला मोटर जोडताना: घरी बिअर करणाऱ्यांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मिनेसोटातल्या आमच्या गॅरेजमध्ये मी गेली अकरा वर्षं बिअर करतो आहे. पहिली काही वर्षं माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले सातूचे दाणे, हाताने भरडलं, मग चक्कीला ड्रिल लावलं, आणि आता चक्की पट्ट्यावर, मोटरने चालते. इथल्या आणि इतर शहरांतल्या मराठी मित्रांकडून तेच ते प्रश्न येत राहतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवतो आहे. वजनं-मापं जमतील तिथे मेट्रिकमध्ये दिली आहेत. पुली, पट्टे आणि शाफ्ट मात्र इथे इंचातच मिळतात, ते इंचातच ठेवले आहेत.

घरी बिअर करायला कायद्याची परवानगी आहे का?

तुम्ही कुठे राहता त्यावर आहे. अमेरिकेत ऑक्टोबर १९७८मध्ये राष्ट्राध्यक्ष जिमी कार्टर यांनी सही केलेल्या कायद्याने घरगुती बिअरवरचा केंद्रीय कर उठला. घरात एक प्रौढ माणूस असेल तर वर्षाला १०० गॅलन, दोन किंवा जास्त असतील तर २०० गॅलन, आणि विकायची मात्र अजिबात नाही. राज्यांचे कायदे बदलायला फार वेळ लागला. शेवटची दोन राज्यं, मिसिसिपी आणि अलाबामा, २०१३मध्ये आली. ब्रिटनमध्ये १९६३पासून परवाना लागत नाही. जपानमध्ये परवान्याशिवाय १ टक्का किंवा जास्त अल्कोहोलचं पेय घरी करता येत नाही.

महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा लागू आहे आणि परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे. पुण्या-मुंबईच्या मित्रांनी यातला फक्त यंत्राचा भाग घ्यावा. तो डाळी आणि धान्य भरडायलाही तितकाच उपयोगी आहे.

मोटर खरंच लागते का?

१९ लिटरच्या, म्हणजे पाच गॅलनच्या एका घाण्याला साधारण साडेचार ते साडेपाच किलो माल्ट लागतं. चांगल्या चक्कीवर हाताने ते दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. वर्षातून चारदा बिअर करत असाल तर हातच बरा, पैसे आणि जागा दोन्ही वाचतील.

महिन्यातून दोनदा करत असाल, दहा गॅलनचे घाणे काढत असाल, किंवा खांदा दुखत असेल, तर मोटर लावा. माझ्याकडे कारण पोत्याचं होतं. आमच्या जवळच शाकोपीला रार माल्टिंगचा मोठा कारखाना आहे. माल्ट ५० किंवा ५५ पौंडांच्या पोत्यात घेतलं की सुट्यापेक्षा बरंच स्वस्त पडतं. पण पोतं येतं अख्ख्या दाण्याचं. ते घरी भरडणं आलंच.

माल्ट किती बारीक दळायचं?

दळायचं नाही, भरडायचं. सगळं यंत्र या एका फरकावर उभं आहे, म्हणून इथे थोडा थांबतो.

आपल्याकडे धान्यावरच्या प्रत्येक क्रियेला वेगळा शब्द आहे. गहू दळतात, तांदूळ सडतात, मिरची कांडतात आणि तूर भरडतात. भरडताना दाणा फुटला पाहिजे, पण पीठ होता कामा नये. माल्टचं तसंच आहे. माल्ट म्हणजे सातूला मोड आणून भट्टीत वाळवलेला दाणा. नाचणीला मोड आणून वाळवतो त्यातलाच प्रकार. त्याच्या पोटात पिठूळ गर असतो आणि बाहेर कागदासारखं टरफल. गर फुटून मोकळा व्हायला हवा, म्हणजे ६५ अंश सेल्सिअसच्या आसपासच्या पाण्यात त्यातल्या स्टार्चची साखर होते. टरफल मात्र शक्य तितकं अखंड राहायला हवं, कारण मॅशमधून, म्हणजे भरड आणि गरम पाण्याच्या मिश्रणातून, गोड पाणी खाली गाळताना हीच टरफलं गाळणीचं काम करतात. त्यांचा भुगा झाला की तळाशी चिखल बसतो, धार थांबते, आणि तासाभराचं काम तीन तासांवर जातं. चुऱ्यातून तुरटपणाही उतरतो.

म्हणून चक्कीखाली हात धरून पाहायचं ते हे: प्रत्येक दाणा दोन-चार तुकड्यांत फुटलेला, टरफलं होडीसारखी पोकळ पण सलग, आणि त्यात थोडं पीठ. थोडं पीठ असणारच. अख्खा दाणा एखादाच दिसावा. मोटर लावल्यावरही भरड अशीच पडली पाहिजे. भरड बिघडत असेल तर वाचलेल्या वेळाचा काही उपयोग नाही.

कोणत्या चक्कीला मोटर लावता येते?

दोन रोलरच्या चक्कीला सगळ्यात चांगली. खरबरीत पोलादी रोलर शेजारी-शेजारी फिरतात आणि मधल्या फटीतून दाणा चिरडून खाली पडतो. बहुतेक चक्क्यांचा दांडा काढता येतो आणि खाली ३/८ किंवा १/२ इंचाचा शाफ्ट मिळतो. विकत घेताना १/२ इंची शाफ्ट आणि बॉल बेअरिंग असलेली घ्या. ३/८ इंची शाफ्ट ड्रिलला पुरतो. पट्ट्याच्या सततच्या ओढीला तो मला अपुरा वाटतो.

तीन रोलरची चक्की दाणा दोनदा दाबते, वरच्या मोठ्या फटीत एकदा आणि खालच्या लहान फटीत पुन्हा. टरफलं सुरेख राहतात, पण तिला ताकद जास्त लागते.

टेबलाला पकडीने बसवायची बिडाची चक्की, दोन तबकड्यांमध्ये दाणा रगडणारी, ही मुळात मक्यासाठी केलेली आहे. तिच्यावर ड्रिल लावून अनेकांनी वर्षानुवर्षं बिअर केली आहे. तबकड्या डगमगतात, भरड एकसारखी पडत नाही, पण कापडी पिशवीत मॅश करत असाल तर चालून जातं, कारण तिथे गाळायचं काम पिशवीच करते.

दगडी जात्याला मोटर लावायचा विचार माल्टसाठी तरी करू नका. वरची तळी जड असते, आणि जोरात फिरली की टरफलाचं पीठ ठरलेलंच.

रोलरचे फेरे किती असावेत?

मिनिटाला १५० ते २००. मी १८५च्या आसपास ठेवतो.

दीड इंची रोलर मिनिटाला २०० फेरे घेतो तेव्हा त्याचा पृष्ठभाग सेकंदाला सुमारे ४० सेंटिमीटर सरकत असतो. या वेगाला दाणा खेचला जाऊन नीट दाबला जातो. वेग दुप्पट-तिप्पट केला की दाणे रोलरवर उड्या मारत राहतात, खेचले जातात तेव्हा फाटतात, आणि खाली धूळ वाढते. जात्यावर बसलेली बाई मूठ-मूठ वैरते आणि एका लयीत ओढते. दाण्याला फुटायला वेळ देणारी ती लय यंत्रातही हवी. दोन इंची रोलर असतील तर फेरे आणखी कमी ठेवा.

किती ताकदीची मोटर घ्यावी?

दोन रोलरला १/३ एचपी बहुधा पुरते, १/२ एचपी निश्चिंत. तीन रोलरसाठी १/२च्या खाली जाऊ नका.

पण एचपीच्या आकड्यात फसू नका. चक्कीला हवी असते ती पिळाची ताकद, म्हणजे टॉर्क. १/२ एचपीची मोटर मिनिटाला १,७२५ फेऱ्यांवर जेमतेम २ न्यूटन-मीटर पीळ देते. तीच पुलीने १८०वर उतरवली की घर्षणात जाईल ते सोडून सुमारे २० न्यूटन-मीटर मिळतो. तो २० म्हणजे २० सेंटिमीटरच्या दांड्यावर दहा किलोचा जोर, न थकता, सतत. वेग दिला की पीळ मिळतो, इतकाच हा व्यवहार आहे.

इंडक्शन मोटर घेणार असाल तर कपॅसिटर-स्टार्ट घ्या. सुरू होतानाचा तिचा जोर साध्या स्प्लिट-फेज मोटरपेक्षा बराच जास्त असतो. आणि मोटर पूर्ण बंद कवचाची, बाहेरून पंख्याने थंड होणारी असावी. उघड्या मोटरमध्ये माल्टची धूळ शिरते आणि आतल्या स्विचवर बसते.

ड्रिल चालेल का?

चालेल, आणि सुरुवात तिथूनच करावी असं माझं मत आहे. खर्च नाही, सुतारकाम नाही, आणि आपल्याला मोटर खरंच हवी आहे का ते दोन-तीन घाण्यांत कळतं.

ड्रिल १/२ इंची चकचं, कमी वेगाचं घ्या. रंग किंवा चुना कालवायला वापरतात ते, ५००-६०० फेऱ्यांचं, उत्तम. साधं घरगुती ड्रिल २,५०० फेऱ्यांसाठी बनवलेलं असतं. त्याचा खटका अर्धवट दाबून आपण ते २००वर चालवतो तेव्हा आतला पंखाही त्याच मंद वेगाने फिरतो आणि मोटर भाजते. माझं पहिलं ड्रिल असंच गेलं. जळक्या वार्निशचा वास आला तेव्हाच थांबायला हवं होतं.

बॅटरीचं ड्रिल असेल तर पहिल्या गिअरवर ठेवा आणि क्लचची कडी ड्रिलच्या खुणेवर न ठेवता वरच्या एखाद्या आकड्यावर लावा. खडा अडकला की क्लच कटकट करत सुटेल आणि तुमचं मनगट वाचेल. तारेच्या मोठ्या ड्रिलला क्लच नसतो. ते अडकलं की अख्खं अंगच फिरवतं. त्याची बाजूची मूठ टेकेल असा एक ठोकळा फळीवर घट्ट बसवा. खटका चिकटपट्टीने दाबून ठेवून दोन्ही हात मोकळे करू नका. हात सुटला की यंत्र थांबलं पाहिजे.

पट्टा चांगला की थेट गिअरमोटर?

मी पट्ट्याच्या बाजूचा आहे, आणि का ते नीट सांगतो.

हाताने चक्की फिरवताना हात सगळं ऐकत असतो. खडा आला की दांडा अडतो आणि आपण आपोआप थांबतो. दाणा संपला की हात हलका होतो. माल्ट दमट असेल तर तेही मनगटाला कळतं. मोटरला यातलं काहीच कळत नाही. ती अडली की आणखी जोर लावते आणि तो जोर कुठेतरी निघतो: रोलरच्या खवल्यांवर, बेअरिंगवर, शाफ्टवर, नाहीतर जवळ असलेल्या बोटावर. म्हणून यंत्रात एक तरी जागा हार मानणारी हवी. पट्टा ती जागा आहे. तो किंचाळतो, घसरतो, आणि तुम्हाला बटणापर्यंत हात न्यायला वेळ देतो. गावच्या गिरणीत पट्टा घसरल्याचा आवाज झाला की गिरणीवाला मान न वळवता खटका पाडायचा, ते लहानपणी पाहिलेलं अजून डोळ्यांसमोर आहे.

पट्ट्याचा ताणही मी मुद्दाम स्क्रूने आवळत नाही. मोटर ज्या फळीवर आहे ती एका कडेला बिजागरीवर बसवली आहे, आणि मोटरच्या स्वतःच्या वजनाने पट्टा ताणला जातो. नेहमीच्या भरडीला तो ताण पुरतो, खडा आला तर घसरतो. शाफ्टवरही ओढ कमी पडते.

गिअरमोटरचे फायदेही खरे आहेत. जागा निम्मी लागते, आवाज कमी, उघडं फिरणारं काही नाही. ज्यांच्याकडे फ्लॅटची बाल्कनी किंवा एवढंसं कपाट आहे त्यांनी तीच घ्यावी. तिथे दोन शाफ्ट जोडणारा, मधे चांदणीच्या आकाराचं रबर असलेला जबड्यांचा कपलिंग टाका. मोटर आणि चक्कीचा शाफ्ट एका रेषेत आणायचा कितीही प्रयत्न केला तरी केसभर फरक राहतो आणि रबर तो सोसतं. ओढ अति झाली की पुरवठा तोडणारं संरक्षण मात्र हवंच, कारण गिअर घसरत नाहीत.

पुलीचा हिशेब कसा करायचा?

मोटरचे फेरे गुणिले लहान पुली, भागिले मोठी पुली. अमेरिकेत ६० हर्ट्झवर चार पोलची मोटर १,७२५ फेरे घेते. मोटरवर दीड इंची आणि चक्कीवर १२ इंची पुली लावली तर कागदावर २१५ येतात. पट्टा खाचेत थोडा आत बसतो आणि लहान पुलीवर त्याचा परिणाम जास्त होतो, म्हणून प्रत्यक्षात फेरे १८५च्या आसपास उतरतात. मी मोठ्या पुलीवर पांढऱ्या पट्टीची खूण करून अर्ध्या मिनिटाचे फेरे मोबाइलवर चित्रित केले आणि मोजले.

ब्रिटन, युरोप, ऑस्ट्रेलिया आणि भारतात ५० हर्ट्झ आहे, तिथे तीच मोटर १,४२५ ते १,४४० फेऱ्यांची असते. तिथे २ इंची आणि १४ इंची जोडी कागदावर २०० देते. दोन्ही पुल्यांच्या केंद्रांत निदान मोठ्या पुलीच्या व्यासाइतकं अंतर ठेवा. जवळ आणल्या तर लहान पुलीला पट्ट्याचा विळखा कमी पडतो आणि तो उगाच घसरत राहतो.

दोन्ही पुल्या एका पातळीत आहेत का ते लांब सरळ पट्टी टेकवून पाहा. आणि शाफ्टवर जिथे पुलीचा स्क्रू बसतो तिथे कानशीने छोटी सपाट जागा करा. गोल शाफ्टवर नुसता आवळलेला स्क्रू दोन घाण्यांत ढिला होतो.

मिक्सरची, वॉशिंग मशीनची किंवा वायपरची जुनी मोटर वापरू का?

मिक्सरची नको. ती हजारो फेऱ्यांची असते आणि काही मिनिटांतच तापते. वायपरची मोटर १२ व्होल्टवर चालते, मंद आणि जोरकस असते, पण तिची एकूण ताकद थोडी आणि आतला गिअर बऱ्याचदा प्लास्टिकचा. एक-दोन किलोपुरती ठीक. जुन्या वॉशिंग मशीनची किंवा कपडे वाळवायच्या यंत्राची पट्ट्यावर चालणारी इंडक्शन मोटर चांगली निघू शकते. फक्त तिच्या तारांचा नकाशा हातात असल्याशिवाय जोडू नका. कपॅसिटर बंद मोटरमध्येही विजेचा भार धरून राहतो, त्याला हात लावण्याआधी तो उतरवायला लागतो. हे येत नसेल तर जाणत्या माणसाला बोलवा.

भारतातून घरघंटीची मोटर आणली तर?

वजनाचे पैसे वाया जातील. ती २३० व्होल्ट, ५० हर्ट्झसाठी गुंडाळलेली असते. अमेरिकेतल्या १२० व्होल्टच्या सॉकेटवर ती नुसती गुणगुणेल आणि तापेल. २४०च्या लाइनवर लावली तरी ६० हर्ट्झमुळे सुमारे २० टक्के जास्त वेगाने फिरेल आणि पुलीचा हिशेब चुकेल. ऑस्ट्रेलिया किंवा ब्रिटनमध्ये असाल तर व्होल्ट-हर्ट्झ जुळतात, प्लग तेवढा बदलावा लागेल. तरीही मोटर राहत्या गावीच घेतलेली बरी, दुरुस्तीला माणूस मिळतो.

वायरिंग आणि स्विच कसा असावा?

या उत्तरात मी कुणालाही सूट देत नाही.

१/२ एचपीची मोटर ११५ व्होल्टवर दहा अँपिअरच्या आसपास घेते, सुरू होताना क्षणभर त्याच्या कित्येक पट. १५ अँपिअरच्या स्वतंत्र लाइनवर ती चालते. त्याच लाइनवर वॉर्ट, म्हणजे माल्टचं गाळलेलं गोड पाणी, उकळायची विजेची शेगडी नको. गॅरेजमधलं सॉकेट विजेची गळती झाली की पुरवठा तोडणारं असावं. मोटरचं कवच आणि चक्कीची लोखंडी चौकट दोन्हींना अर्थिंग हवं. तिथे ओल असते, आपले हातही ओले असतात.

स्विच चुंबकीय घ्या, वीज गेली की आपोआप बंद होणारा. साधा स्विच असेल तर वीज परत आल्यावर चक्की स्वतःच सुरू होते, आणि तेव्हा तुम्ही वाकून रोलर साफ करत असू शकता. हाच धोका मोटरच्या आतल्या तापसंरक्षणात असतो. काही मोटरी तापून थांबतात आणि थंड झाल्या की सांगितल्याशिवाय पुन्हा फिरू लागतात. बटण दाबल्यावरच सुरू होणारी मोटर मागून घ्या.

पट्टा आणि पुली पूर्ण झाकणारी पेटी आधी करा, मग पहिल्यांदा वीज लावा. माझ्या स्वेटशर्टची गळ्याची दोरी एकदा पट्ट्याच्या चार बोटांवर लोंबली होती. काही झालं नाही, पण त्या रात्री झोप लागली नाही. घरात लहान मुलगी होती. दुसऱ्या दिवशी प्लायवुडची पेटी केली. हॉपरच्या, म्हणजे माल्ट ओतायच्या वरच्या पेटीच्या, तोंडावर बोट जाणार नाही अशी जाळीही लावा. चक्कीत काही अडकलं तर आधी प्लग काढायचा, मग हात घालायचा. स्विच बंद केला हे पुरेसं नाही.

रोलरमधली फट किती ठेवू?

सातूच्या माल्टला १ मिलिमीटरपासून सुरू करा. फीलर गेज, म्हणजे फट मोजायची पातळ पट्टी, रोलरच्या दोन्ही टोकांना घालून पाहा. एका बाजूला १ आणि दुसऱ्या बाजूला १.३ असेल तर निम्मं माल्ट अख्खंच खाली येतं. खाली गाळणं सहज होत असेल आणि साखर कमी उतरत असेल तर ०.९वर या. धार थांबत असेल तर १.१-१.२वर जा. क्रेडिट कार्ड घालून फट लावायची युक्ती ऐकली असेल. कार्ड सुमारे ०.७६ मिलिमीटरचं असतं, पिशवीत मॅश करणाऱ्यांना ते जमतं, गाळणीच्या तळाच्या भांड्याला बहुधा फार बारीक पडतं.

हाताने चालवताना लावलेली फट मोटरवर तशीच राहील असं धरू नका. थरथरीने तिचे स्क्रू सैल होतात. दर घाण्याआधी गेज घाला, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

गहू आणि राय?

गव्हाचं माल्ट लहान आणि टणक असतं, शिवाय त्याला टरफल नसतं. ते वेगळं, ०.८-०.९च्या फटीवर काढा आणि भरडलेल्या सातूत मिसळा. राय हे गव्हासारखंच धान्य, त्याहून चिवट. ओट आणि तांदूळ मी शिजवून-चेपलेले पोहेच घेतो. ते भरडावे लागत नाहीत.

हॉपर भरून बटण दाबलं की मोटर गुणगुणते, फिरत नाही. काय चुकतंय?

क्रम चुकतोय. रोलरच्या तोंडाशी दाणे दाबून बसलेले असताना सुरुवातीचा पीळ खूप लागतो. आधी मोटर सुरू करा, ती वेगात आली की माल्ट वैरा. मोठा हॉपर असेल तर तळाशी पत्र्याची सरकती झडप करा, बंद ठेवून भरा आणि मोटर फिरू लागल्यावर उघडा. थांबवतानाही आधी झडप बंद करून रोलर रिकामे होऊ द्या. गुणगुणणारी मोटर चार-पाच सेकंदांपेक्षा जास्त तशी ठेवू नका, तिची गुंडाळी जळते.

मधेच अडकली तर प्लग काढा, पट्टा उतरवा, मोठी पुली हाताने उलटी फिरवा. बहुतेक वेळा खडा किंवा पोत्याची सुतळी निघते. हॉपरमध्ये एक जाड चुंबक ठेवला की खिळे-तुकडेही अडतात.

मोटर फिरते, एक रोलरही फिरतो, पण दाणे खाली येत नाहीत.

बहुतेक चक्क्यांत दांडा एकाच रोलरला फिरवतो. दुसरा मोकळा असतो आणि दाण्यांच्या घर्षणाने ओढला जातो. तो अडला की दाणे वर नाचत राहतात. कारण बहुधा बेअरिंगमध्ये गेलेलं पीठ, गंज, किंवा रोलरच्या खवल्यांत दाबून बसलेली भुकटी. कडक ब्रशने झाडा, मोकळा रोलर बोटाने गरगर फिरतो का पाहा, पितळी बुश असतील तर खाद्यवापराच्या तेलाचा एक थेंब द्या. तरीही अडत असेल तर रोलरच्या टोकाला एक रबरी कडी चढवतात, तिच्यामुळे पहिला रोलर दुसऱ्याला ओढतो. रोलर पाण्याने मात्र कधीच धुवू नका.

माल्ट थोडं ओलवून भरडावं असं म्हणतात. करू का?

करा, मला तरी यात सरळ फायदा दिसला आहे. वजनाच्या २ टक्के पाणी, म्हणजे ५ किलोला १०० मिलिलिटर, फवाऱ्याने मारत हाताने कालवा आणि दहा मिनिटं झाकून ठेवा. टरफल चामड्यासारखं लवचीक होतं, गर कोरडाच राहतो. रोलरखाली गर फुटतो आणि टरफल सलग निघतं, धूळही कमी उडते. आमच्या घरी तुरीला तेल-पाणी लावून, उन्हात वाळवून मग भरडायचे. तिथे हेतू साल सुटावं हा, इथे साल टिकावं हा. पण दाण्याशी भिडण्याआधी त्याची साल तयार करायची ही समज तीच आहे.

पाणी जास्त झालं तर रोलरवर लगदा चढतो. ओलवलेलं माल्ट संपलं की शेवटी मूठभर कोरडं माल्ट काढा, रोलर साफ निघतात आणि गंजत नाहीत.

धुळीचा धोका कितपत?

मिनियापोलिसला मिसिसिपीच्या काठावर वॉशबर्नच्या ‘ए’ गिरणीचे अवशेष आहेत. २ मे १८७८ला तिथे पिठाच्या धुळीचा स्फोट झाला आणि १८ माणसं गेली. तिथल्या संग्रहालयात मी पाहुण्यांना आवर्जून नेतो. पाच किलो माल्टच्या धुळीने तसा स्फोट व्हावा इतकी ती हवेत साठत नाही. तरीही पेटती शेगडी आणि चालू चक्की एका जागी ठेवू नका, आणि दार उघडं ठेवा.

रोजचे धोके दोन. एक फुप्फुसांचा: दमा असेल तर मास्क लावाच. दुसरा बिअरचा: माल्टच्या टरफलावर लॅक्टोबॅसिलस जंतू भरपूर असतात. उकळण्याआधी ते आले तर उकळीत मरतात. पण थंड झालेल्या वॉर्टवर धूळ बसली तर बिअर आंबते. आंबवायची भांडी जिथे आहेत त्या खोलीत भरडू नका. चक्कीखालच्या बादलीला झाकण करून त्यात चक्कीच्या तोंडाएवढंच भोक पाडलं तर निम्मी धूळ बादलीतच राहते.

याच चक्कीवर घरचं पीठ किंवा लाडवांचा रवा काढता येईल का?

नाही. रोलर दाबून फोडतात, रगडत नाहीत. कितीही वेळा फिरवलंत तरी नीट पीठ होत नाही आणि बेअरिंगवर ताण येतो. लापशीला गहू जाडसर भरडून मिळेल. तूर मी यावर काढून पाहिली; पाकळ्या सुटण्याऐवजी तुकडे फार झाले, डाळीला जातंच बरं.

हिवाळ्यात चक्की जड का चालते?

मिनेसोटात जानेवारीत गॅरेज उणे २० अंशांपर्यंत जातं. ग्रीस घट्ट होतं, पट्टा पुलीच्या आकारात ताठरतो आणि पहिल्या फेऱ्यांना मोटर धापा टाकते. अशा दिवशी मी आदल्या रात्रीच मोटरची फळी बिजागरीवर उचलून पट्टा सैल करून ठेवतो. सकाळी पुली हाताने दहा-बारा वेळा फिरवतो, मग फळी खाली सोडून मोटर दोन मिनिटं रिकामी चालवतो. माल्टची बादलीही रात्रभर घरात ठेवतो, कारण गार माल्ट घातलं की मॅशचं तापमान ठरल्यापेक्षा खाली येतं.